मांडूच्या पठारावर पानिये, बाफले आणि गोरखचिंच : जेवणाची आखणी कशी करावी

इंदूरच्या मराठी घरांत पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की मांडूचा बेत हमखास ठरतो. गाडी ठरते, कोणते महाल पाहायचे ते ठरते आणि जेवण मात्र ‘तिथे काहीतरी मिळेलच’ असे म्हणून सोडून दिले जाते. काहीतरी मिळतेच, यात शंका नाही. पण दुपारी दोन वाजता थकून-भागून एखाद्या भोजनालयात शिरल्यावर जे पुढे येते ते पनीरची भाजी आणि तंदुरी रोटी असते, आणि ते इंदुरात कोणत्याही चौकात मिळते. मांडूच्या पठारावर जे खास आहे, म्हणजे पानांत भाजलेल्या मक्याच्या जाड चकत्या, ज्यांना पानिये म्हणतात, कंड्यांच्या, म्हणजे शेणाच्या गोवऱ्यांच्या विस्तवावरचे कणकेचे बाफले, पावसाळ्यातला देशी भुट्टा आणि गोरखचिंच, म्हणजे बाओबाबचे आंबट फळ, त्यातले बरेचसे ऐनवेळी मागून मिळत नाही. पानिये भाजायला आधी निखारे पडावे लागतात आणि बाफले तर अगोदर उकडून मग भाजायचे असतात. म्हणून मांडूला जेवण आधी सांगावे आणि महाल मग पाहावेत. हा एक क्रम सांभाळला तर एरवी केवळ फोटोंपुरती उरणारी सहल पोटभर होते, असे माझे ठाम मत आहे आणि पुढची सगळी आखणी त्यावरच बेतलेली आहे.

निघण्यापूर्वी

इंदूरहून मांडू सुमारे १०० किलोमीटर आहे. घाटाबिल्लोदवरून धारला पोहोचावे आणि धारहून पुढे ३५ किलोमीटर गेले की मांडू येते. वाटेत फारसे न थांबता दोन ते अडीच तास लागतात. सकाळी सातच्या आत इंदूर सोडणे उत्तम, कारण दिवस लवकर सुरू केला तरच दुपारच्या जेवणाची सूचना वेळेत देता येते.

सकाळी पोटात काय घालावे, हा प्रश्न इंदूरकराला कोणी विचारत नाही. तरीही बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगतो की इंदुरी पोहे आपल्या कांदेपोह्यांपेक्षा वेगळे असतात. फोडणीचे पोहे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवून वाफेवर गरम राखलेले असतात, त्यामुळे ते मऊ आणि ओलसर लागतात. वरून शेव, कच्चा कांदा, लिंबू आणि जीरावन नावाचा काळसर मसाला भुरभुरतात. सोबत जिलबी असते. एक प्लेट घ्यावी आणि थांबावे. दुपारी बाफल्यांसमोर बसायचे असेल तर सकाळच्या दुसऱ्या प्लेटचा मोह आवरावा लागतो, कारण बाफला हे अत्यंत जड अन्न आहे आणि अर्धवट भरल्या पोटाने ते खाण्यात काहीच अर्थ नाही.

सोबत घरचे थोडे असू द्यावे. लहान मुले आणि वयस्कर मंडळी असतील तर दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा गूळपोळी डब्यात घ्यावी. ती जेवणाला पर्याय म्हणून नव्हे, तर निखारे पडेपर्यंतचा वेळ निभावण्यासाठी. पिण्याचे पाणी भरपूर घ्यावे. मात्र हा डबा महालात उघडू नये. संरक्षित स्मारकांविषयीच्या १९५९ च्या नियमांनुसार खास परवानगी असलेली जागा सोडून स्मारकाच्या आवारात स्वयंपाक करण्यास आणि खाण्यास मनाई आहे. शिवाय मांडूची माकडे पिशवीचा आवाज दुरूनच ओळखतात. डबा गाडीजवळ किंवा गावातल्या एखाद्या झाडाखाली उघडावा आणि खरकटे परत पिशवीतच भरावे.

काय जुने, काय नवे

मांडूच्या जेवणावर बोलताना एक गोष्ट स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते, कारण ‘शाही मांडू थाळी’ अशा नावाखाली बरेच काही खपवले जाते. मांडू ही माळव्याच्या सुलतानांची राजधानी होती. होशंगशाहाने पंधराव्या शतकाच्या आरंभी धारहून राजधानी इथे आणली आणि या पठाराला शादियाबाद, म्हणजे आनंदाचे नगर, असे नाव मिळाले. पुढे १४६९ ते १५०० या काळात राज्य करणारा गियासुद्दीन खिलजी हा खाण्याचा असा शौकीन निघाला की त्याने आपल्या मुदपाकखान्यातल्या पाककृती लिहवून आणि चितारून घेतल्या. ‘निमतनामा’ नावाची ती सचित्र हस्तलिखित पोथी त्याचा मुलगा नासिरुद्दीन याच्या काळात पूर्ण झाली. तिच्यात सुमारे पन्नास चित्रे आहेत आणि अनेक चित्रांत मोठ्या मिशांचा सुलतान स्वतः उभा राहून स्वयंपाक करून घेताना दिसतो. समोशाचे कितीतरी प्रकार, सरबते, विडा, अत्तरे, शिकारीला जाताना न्यायचे पदार्थ, असे सगळे तिच्यात आहे. ही पोथी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

परंतु त्या पोथीतले जेवण आज मांडूच्या गावात कोणी रांधत नाही. उलट आज ज्याला आपण मांडूचे खास जेवण म्हणतो त्यातला मका सुलतानांना ठाऊकच नव्हता. मका, मिरची आणि बटाटा हे तिन्ही अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर सोळाव्या शतकापासून आपल्याकडे आले, म्हणजे गियासुद्दीनच्या पश्चात. तेव्हा समोशात बटाटा नव्हता आणि पठारावर भुट्टाही नव्हता. ‘पानिया हे सुलतानांचे जेवण’ असे कोणी सांगितले तर ते मानू नये. पानिया हे धार, झाबुआ, अलीराजपूर या पट्ट्यातल्या भिल्ल शेतकऱ्यांचे जेवण आहे. शेतात भांडी न नेता पिठाचा गोळा पानांत ठेवून विस्तवात भाजण्याची ही रीत आहे. बाफला माळव्याच्या गावांतला, लग्नकार्यातला आणि नवसाच्या पंगतीतला. सुलतानांच्या काळाशी नाते सांगता येईल असा जर एखादा जिन्नस आज मांडूच्या रस्त्यावर विकला जात असेल तर तो म्हणजे गोरखचिंच. ते झाड मूळचे आफ्रिकेतले, आणि सुलतानांच्या काळातच ते या पठारावर रुजले असे मानले जाते. मला यात कमीपणा वाटत नाही. महाल राजांचे आणि जेवण रानातल्या माणसांचे, असाच मांडूचा आजचा चेहरा आहे आणि तो जसा आहे तसा समजून घेतला तर जेवणही अधिक रुचते.

गावात शिरताच सूचना द्यावी

धारच्या बाजूने येताना काकडा खोहची खोल दरी लागते. पावसाळ्यात इथे भुट्टे भाजणारे ओळीने बसलेले असतात. तिथे थांबायला हरकत नाही, पण जेवणाची सूचना देईपर्यंत फार वेळ रमू नये. पुढे जुन्या दरवाजांतून वळत रस्ता गावच्या चौकात येतो. एका बाजूला जामी मशीद आणि होशंगशाहाचा संगमरवरी मकबरा, समोर अशर्फी महालाच्या पायऱ्या आणि त्यांच्याच आसपास गावातली छोटी भोजनालये, अशी ही जागा आहे. मध्य प्रदेश पर्यटन मंडळाचे मालवा रिसॉर्ट सागर तलावाच्या काठी आहे. तिथेही जेवण मिळते आणि बसायला जागा ऐसपैस आहे. पण पानिये खायचे असतील तर ज्याच्या अंगणात चूल आणि कंडे दिसतात अशा ठिकाणी चौकशी करावी.

चौकशी कशी करावी, हेही सांगायला हवे. जेवण आहे का, असे विचारले की उत्तर नेहमी ‘आहे’ असेच येते. त्याऐवजी नेमके विचारावे : ‘दादा, पानिये अभी बनाओगे या सुबह के रखे हैं? कंडे पर बनेंगे या तवे पर? कितनी देर लगेगी?’ चुलीवर एखादी बाई असेल तर मालकापेक्षा तिलाच विचारावे. ‘बाई, आटा मक्के का है ना?’ एवढे म्हटले की ती पीठ दाखवते. उत्तर ‘दीड-दोन तास लागतील’ असे आले तर ती जागा पक्की करावी. ‘पाच मिनिटांत देतो’ असे उत्तर आले तर पानिये सकाळचे आहेत आणि ते पुन्हा गरम करून मिळतील, असे समजावे. पुन्हा गरम केलेला पानिया दगडासारखा होतो, आणि अशा एका अनुभवावरून तो पदार्थच नावडता ठरतो.

माणसे किती, त्यांत लहान मुले किती, तिखट किती हवे आणि जेवणाला नेमके किती वाजता येणार, एवढे सांगून थोडी आगाऊ रक्कम द्यावी. दर ताटावर आहे की नगावर, तूप धरून आहे की वेगळे, हे तिथेच विचारून घ्यावे. दर ठरला की मग घासाघीस करू नये. लाकूडफाटा आणि कंडे जमवून, एका कुटुंबासाठी दोन तास चुलीपुढे बसण्याचे ते मोल आहे. आणि सांगितलेली वेळ आपणही पाळावी. तासभर उशीर केला तर ती बाई पानिये विस्तवातच ठेवते, ते करपतात आणि दोष मात्र तिच्याकडे जातो.

मधल्या वेळात काय पाहावे

निखारे पडेपर्यंत दोन तास मिळतात. या वेळात गावापासून पाच-सहा किलोमीटरवर असलेला रेवाकुंडाचा भाग उरकावा, म्हणजे बाजबहादूरचा महाल आणि त्याच्या वरच्या टोकाला असलेला रूपमतीचा मंडप. चढ तिथेच आहे, आणि तो जेवणाआधीच चढलेला बरा. मंडपाच्या गच्चीवरून खाली निमाडचा सखल प्रदेश पसरलेला दिसतो आणि हवा स्वच्छ असली तर नर्मदेची रेघही दिसते. इथे उभे राहिले की जेवणाचा नकाशाही समजतो. वर माळव्याचे पठार आहे, तिथे गहू, डाळ आणि तूप. खाली निमाड आहे, तिथे ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी, जिला तिकडे अमाडी म्हणतात. खानदेशातून आलेल्या पाहुण्यांना हे निमाडी ताट फार ओळखीचे वाटते. कधी परतताना घाट उतरून धामनोद-महेश्वरकडे जाणार असाल तर ते तिकडेच खावे.

परत येताना सागर तलावावरून गावात यावे, जेवावे आणि जहाज महाल दुपारनंतरसाठी ठेवावा. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधोमध उभा असलेला हा लांबट महाल सपाटीवर आहे, शेजारी हिंडोला महाल आणि चंपा बावडीची थंडगार तळघरे आहेत, त्यामुळे भरल्या पोटी रमतगमत पाहायला हाच भाग सोयीचा.

पानिये कसे होतात आणि कसे खावेत

थोडे लवकर पोहोचता आले तर चुलीजवळ बसून पाहण्याची परवानगी मागावी. फोटो काढण्याआधी विचारावे. बहुतेक वेळा हसून होकार मिळतो. मक्याच्या जाडसर पिठात मीठ, थोडी बडीशेप आणि तूप घालून ते कोमट पाण्याने मळतात. मक्याच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसल्यामुळे तळहाताच्या टाचेने दाबून-दाबून ते एकजीव करावे लागते, नाहीतर कडा फाटतात. मग तळहाताएवढी, बोटभर जाडीची चकती थापतात आणि ती दोन पानांच्या मध्ये ठेवतात. रानात यासाठी रुईची पाने वापरण्याची रीत आहे, ज्यांना तिकडे आकड्याची पाने म्हणतात. काही ठिकाणी पळसाची पाने घेतात. फुललेल्या कंड्यांच्या निखाऱ्यांवर हे पानातले पानिये मांडतात आणि वरूनही कंडे रचतात. खालून आणि वरून आच लागते, पान हळूहळू काळे पडून सुकते आणि आतल्या पिठाला शेकाबरोबर धुराचा वास लागतो.

भाजलेला पानिया हातात आला की आधी त्याची पाठ पाहावी. पानाच्या शिरा त्यावर उमटलेल्या असतात; मधली जाड शीर आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना फुटलेल्या बारीक रेषा इतक्या स्वच्छ दिसतात की कोणते पान वापरले तेही ओळखता येते. शिरा उमटलेल्या नसतील तर तो पानिया तव्यावर झालेला आहे. राख झटकून तो मधोमध मोडावा. कडेला कुरकुरीत, आत दाणेदार आणि वाफाळता असा तो हवा. आत पीठ ओलसर किंवा चिकट लागले तर निःसंकोचपणे परत विस्तवात ठेवायला सांगावे. मोडलेल्या भागावर तूप सोडून ते मुरू द्यावे आणि मग डाळीबरोबर खावे. डाळ बहुधा सालीच्या उडदाची असते, तिला लसूण आणि लाल मिरचीची फोडणी असते. पानिया डाळीत बुडवून ठेवू नये, तो विरघळून जातो. तुकडा मोडावा, डाळीत टेकवावा आणि तोंडात टाकावा. सोबत लसणाची लाल चटणी आणि कच्चा कांदा असला की दुसरे काही लागत नाही. थंडगार झालेला पानिया खाण्यासारखा राहत नाही, म्हणून सगळे ताट एकदम न मागवता दोन-दोन करून घ्यावेत.

घरी करून पाहायचे असतील तर चार माणसांना अर्धा किलो मक्याचे पीठ पुरते. रुईच्या पानांचा चीक त्रासदायक असतो, तेव्हा माहितगार हात सोबत नसेल तर घरी ती वापरू नयेत. पळसाची किंवा केळीची पाने घ्यावीत. गॅसवर करायचे तर जाड तव्यावर पानांसकट ठेवून, वर झाकण घालून, अगदी मंद आचेवर दोन्ही बाजू भाजाव्यात. धुराचा वास येणार नाही, पण पानाचा येतो आणि तेवढ्यानेही बरेच साधते.

बाफले

बाटी आणि बाफला यांत पुष्कळांचा घोळ होतो. बाटी कणकेच्या गोळ्याची थेट विस्तवात भाजतात. बाफला आधी उकळत्या पाण्यात उकडतात, मग भाजतात आणि मग तुपात बुडवतात. उकडल्यामुळे तो आतून मऊ राहतो. पीठ गव्हाचे जाडसर दळलेले, त्यात थोडे मक्याचे पीठ, हळद, ओवा, दही आणि तुपाचे मोहन. गोळे उकळत्या पाण्यात टाकले की तळाशी बसतात आणि शिजले की वर तरंगतात. तेच त्यांचे माप. मग पाणी निथळून कंड्यांवर सोनेरी होईपर्यंत भाजतात.

ताट समोर आल्यावर बाफला हाताने कुस्करावा, त्यावर तूप घ्यावे, तुरीची डाळ ओतावी आणि हातानेच कालवून खावे. चमच्याने खाणाऱ्याला त्याची चव अर्धीच मिळते. ताटात कढी, लसणाची चटणी, हिरवी चटणी आणि शेवटी लाडू असतो, जो बहुधा बाफल्याचाच चुरमा तुपा-साखरेत वळून केलेला असतो. आपल्याकडे पुरणपोळीच्या जेवणानंतर जशी सुस्ती येते तशीच इथेही येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने एका बाफल्यावर थांबावे, ही सूचना मी मनापासून करतो. दोन बाफले आणि लाडू खाऊन लगेच घाटरस्त्यावर गाडी हाकणे धोक्याचे आहे. जहाज महालात तासभर फिरून, चहा पिऊन मगच परतीला लागावे.

पानिये आणि बाफले एकाच जेवणात मागवू नयेत, असे माझे मत आहे. दोन्ही जड, दोन्ही तुपातले, आणि एकाची चव दुसऱ्याने बुजते. मांडूला पानिये खावेत. बाफले इंदुरातही चांगले मिळतात. मुक्काम असेल तर एक दिवस हे आणि दुसऱ्या दिवशी ते, अशी वाटणी करावी.

मांसाहारी मंडळींसाठी कडकनाथ आहे. कातडी, मांस आणि हाडेसुद्धा काळी असलेल्या या कोंबडीची जात झाबुआची असून तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तीही आदल्या दिवशी सांगूनच मिळते, शिजायला वेळ घेते आणि महाग असते. पक्षी आधी पाहावा आणि मगच होकार द्यावा.

हंगामाप्रमाणे

जुलैपासून सप्टेंबरपर्यंत मांडूला सर्वाधिक गर्दी असते. पठार हिरवेगार होते, तलाव भरतात आणि महाल ढगांत बुडतात. हा भुट्ट्याचा हंगाम. देशी मक्याचे कणीस पांढुरके, कमी गोड आणि चावायला घट्ट असते. पिवळे गोड स्वीटकॉर्न ते नव्हे. निखाऱ्यावर भाजून लिंबू-मीठ-तिखट चोळलेला देशी भुट्टा दरीच्या कडेला उभे राहून खावा. हे दिवस असतील तर भुट्ट्याचा कीसही चुकवू नये. कोवळी कणसे किसून तो कीस तुपात हिंग, मोहरी, जिरे आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीवर परततात, मग दूध घालून ते आटेपर्यंत मंद आचेवर हलवत राहतात. शेवटी लिंबू, कोथिंबीर आणि ओले खोबरे घालतात. तो पातेल्याला चिकटायचा थांबून तूप सोडू लागला की झाला. पाण्यावर घाईने शिजवलेला कीस पिठल्यासारखा लागतो. दुकानात तो पातळ दिसला तर घेऊ नये. शनिवार-रविवारी मात्र पावसाळ्यात भोजनालयांवर इतका ताण असतो की पानिये मनासारखे मिळणे कठीण; शक्य असेल त्याने मधल्या वारी जावे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सीताफळे येतात. आसपासच्या डोंगरांतली ही फळे लहान, बियांनी भरलेली पण अतिशय गोड असतात. डोळे उघडलेले, पण देठापाशी घट्ट असलेले फळ घ्यावे, म्हणजे घरी पोहोचेपर्यंत टिकते. थंडीत इंदूरला परतल्यावर सराफ्यात, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू खावा. हा कंद आधी उकडून, मग तुकडे तळून, वर जीरावन आणि लिंबू पिळून देतात. होळीच्या आधीच्या आठवड्यात धार-झाबुआच्या पट्ट्यात भगोरियाचे, म्हणजे आदिवासी जत्रेचे, बाजार भरतात. त्या दिवसांत रस्ते आणि गावे गजबजलेली असतात, तेव्हा वेळ हाताशी जास्त ठेवावा. उन्हाळ्यात मी कोणाला मांडूला जा म्हणणार नाही. जायचेच असेल तर पानिये-बाफल्यांऐवजी दही-भातावर राहावे.

गोरखचिंच कशी घ्यावी, घरी कशी वापरावी

मांडूत शिरल्यापासून मोठ्या बुंध्याची, आखूड फांद्यांची, हिवाळ्यात पूर्ण निष्पर्ण होणारी झाडे दिसू लागतात. हीच गोरखचिंच, तिकडे तिला मांडूची इमली किंवा खुरासानी इमली म्हणतात. आपल्या नेहमीच्या चिंचेशी तिचा आंबटपणापलीकडे संबंध नाही. स्मारकांच्या रस्त्यालगत गावातल्या बाया आणि मुले तिची फळे विकायला बसतात. फळ दुधी भोपळ्याच्या आकाराचे, वरून हिरवट-करडे आणि मखमली लवेचे असते, कवच मात्र लाकडासारखे कठीण. झाडावर दगड मारून किंवा चढून फळ पाडायचा प्रयत्न कधीही करू नये. ही झाडे फार जुनी आहेत आणि त्या फळांवर तिथल्या घरांची थोडीफार मिळकत चालते.

विकत घेताना कवचाला भेग किंवा छिद्र नाही हे पाहावे, कारण छिद्रातून कीड शिरते. एक फळ तिथेच फोडून मागावे. आत पांढरट, कोरडा, हाताला खडूसारखा लागणारा गर बियांभोवती गोळे होऊन बसलेला असतो आणि त्यात तांबूस धागे असतात. पांढरा गर ताजा. तपकिरी पडलेला गर जुना. एक गोळा तोंडात ठेवून चोखावा. आधी कोरडा लागतो, मग लाळेत विरघळू लागला की स्वच्छ आंबट चव पसरते. बी गिळू नये, थुंकून टाकावी. फळ न फोडता कोरड्या जागी महिनोन्महिने राहते, त्यामुळे पाहुण्यांना परतभेट म्हणून देण्यासारखा मांडूतला हा सर्वांत चांगला जिन्नस आहे.

घरी त्याचे सरबत करावे. गर बियांसकट पाण्यात तासभर भिजवावा, हाताने कुस्करावा आणि गाळणीवर दाबून बिया व धागे वेगळे करावेत. त्या दाटसर पाण्यात गूळ, काळे मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून, लागेल तेवढे गार पाणी मिसळावे. क जीवनसत्त्व भरपूर असल्यामुळे ते उकळू नये. गूळही कोमट पाण्यात आधी विरघळवून मग घालावा. आमटीत किंवा वरणात आमसुलाऐवजी हा गर वापरता येतो, पण चव अधिक तीव्र असल्याने अर्ध्या मापापासून सुरुवात करावी आणि गॅस बंद करतानाच घालावा. उरलेला कोरडा गर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावा आणि दर वेळी कोरडा चमचा वापरावा, कारण ओलावा लागला की तो लगेच तपकिरी पडून गोळा होतो.